झोन मोठा आला म्हणजे हर्बल टूथपेस्ट सरस का?

सूक्ष्म_टीवायबीएस्सी:
कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सवर (दात किडवणारा जंतू) कडुनिंब, लवंग आणि बाभळीच्या पेस्ट तपासतोय. अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) पेस्ट भरायला ६ मिमीचे वेल, म्हणजे खड्डे, पाडले आहेत. लवंगेच्या पेस्टचा झोन, म्हणजे खड्ड्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, साध्या फ्लोराइड पेस्टपेक्षा मोठा येतो. ती किडीवर जास्त गुणकारी, असं लिहू का? आणि पेस्ट किती पाण्यात कालवायची?

अगारप्लेट:
असं लिहू नका. फेसासाठी घातलेलं सोडियम लॉरिल सल्फेट (एसएलएस) स्वतःच जंतूंचं पेशीपटल फोडतं, त्यामुळे झोन लवंगेचा की फेसाचा हे कळत नाही. पेस्टमध्ये ते साधारण १ ते २ टक्के असतं. १ ग्रॅम पेस्ट २ मिली निर्जंतुक पाण्यात कालवलीत, तर एका वेलमध्ये नुसतं ०.५ टक्के एसएलएस हवंच. तुलनेसाठी दुसऱ्यात ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, तिसऱ्यात फक्त पाणी.

कालवलेली पेस्ट सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) वरचं द्रावण वापरा. घट्ट पेस्ट अगारमध्ये पसरतच नाही. साध्या म्युलर-हिंटन अगारवर म्युटन्स नीट वाढत नाही; ब्लड अगार किंवा बीएचआय (ब्रेन हार्ट इन्फ्यूजन) अगार घ्या, कॅन्डल जारमध्ये (मेणबत्ती पेटवून बंद केलेल्या बरणीत) ३७ अंशांवर ४८ तास ठेवा.

उलटी फसगतही होते: लवंगेतलं युजेनॉल पाण्यात फार कमी विरघळतं. त्याचा झोन लहान आला तरी ते निकामी ठरत नाही. म्हणून ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या द्रवात) एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारं किमान प्रमाण, काढाच.

दंतवैद्य_कोल्हापूर:
शिवाय प्लेटवर पेस्ट ४८ तास जंतूंना भिडलेली असते, तोंडात जेमतेम २ मिनिटं, तीही लाळेत पातळ होऊन. दातावरचे जंतू प्लाकच्या चिकट थरात असतात. तो थर मुख्यतः ब्रशनेच निघतो. आणि फ्लोराइडचं मोठं काम जंतू मारणं नाहीच. पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात, ती परत बसवायला फ्लोराइड मदत करतं. ते झोनमध्ये दिसणार कसं?

अनेक हर्बल पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं, लेबल वाचा. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम (दहा लाखांत १००० भाग) आहे. गेरूची लाल पावडर बोटाने घासू नका, हिरडीजवळचा दात झिजतो. मशेरी तर सरळ तंबाखूच. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे.

सूक्ष्म_टीवायबीएस्सी:
मग निष्कर्षात काय लिहू?

अगारप्लेट:
‘या विरलनात, प्लेटवर, या पेस्टने म्युटन्सची वाढ रोखली’ एवढंच. प्रत्येक नमुना तीन प्लेटांवर लावा, झोन दोन दिशांनी मोजा, आणि मापात वेलचे ६ मिमी धरलेत की वगळलेत ते तक्त्याखाली नोंदवा.