होसे सारियाबद्दल थोडं

१९५०-६० च्या दशकांतले ड्रॅग कलाकार, म्हणजे बायकी वेशात कार्यक्रम करणारे पुरुष, नुसते हसवायचे असं म्हटलं जातं, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या होसे सारियाचं आयुष्य बघा ना. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता, परत आल्यावर पोलिसांनी अटक केली आणि शिक्षक व्हायचं राहूनच गेलं, मग ब्लॅक कॅट बारमध्ये वेटरचं काम करता करता गायला लागला. रविवारी दुपारी ऑपेराची विडंबनं करायचा, त्याची कार्मेन (त्याच नावाच्या ऑपेराची नायिका) पोलिसांना चुकवत शहरातल्या युनियन स्क्वेअर चौकाच्या झुडपांत लपायची! फसवायच्या हेतूने बायकी कपडे घातले म्हणून पोलीस लोकांना उचलायचे, तर ह्याने काळ्या मांजराच्या तोंडाच्या आकाराची लेबलं वाटली, त्यावर लिहिलेलं 'मी मुलगा आहे'. आता फसवणूक कशी म्हणणार?

आणि १९६१ मध्ये हा माणूस समलिंगी असल्याचं न लपवता शहराच्या सुपरव्हायझरपदाच्या (म्हणजे आपल्याकडच्या नगरसेवकासारख्या पदाच्या) निवडणुकीला उभा राहिला, तेही अमेरिकेत जवळजवळ सगळीकडे समलैंगिक संबंध गुन्हा असताना. हरला, पण ५ हजारांवर मतं मिळाली, आणि ही मतं मोजता येतात हे राजकारण्यांना पहिल्यांदा कळलं. उघडपणे समलिंगी असलेला हार्वे मिल्क त्याच पदावर निवडून आला तो थेट १९७७ ला, त्याच्या प्रचाराला पाठिंबा देणाऱ्यांत सारिया होताच.