मदत हवी आहे : पिंप्राळ्याचं घर विकून महाबळला फ्लॅट घ्यावा का?

पिंप्राळकर :

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही जळगावचे, पिंप्राळ्यात राहतो. वडिलांनी 1994 साली प्लॉट घेऊन बांधलेलं तीन खोल्यांचं घर आहे. पुढे ओटा, मागे मोरी आणि एक कडुनिंब, वर गच्ची. घरात आई, मी, बायको आणि सहावीतला मुलगा. वडील चार वर्षांपूर्वी गेले. मी एमआयडीसीत एका दालमिलचे हिशेब बघतो. बायको धरणगाव तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, रोज बांभोरीचा पूल ओलांडून जाते.

महाबळ भागात एक इमारत उभी राहतेय. चौथ्या मजल्यावर टू बीएचके, भाव 62 लाख. बायकोने फेब्रुवारीत तिचा बोर्ड बघितला आणि तेव्हापासून आमच्याकडे जेवताना दुसरा विषय नाही.

तिचं म्हणणं चुकीचं नाही हो. मुलाची शाळा तिकडे. व्हॅन सकाळी सव्वासहाला दारात हॉर्न मारते, कारण सगळ्यात लांबून येणारा आमचाच. क्लास तिकडे, आईचे गुडघ्याचे डॉक्टर तिकडे, संध्याकाळी पाय मोकळे करायला भाऊंचं उद्यान चालत्या अंतरावर. आणि पाणी. पाणी सगळ्या शहराला वाघूर धरणाचंच, आम्हाला वेगळं आणि महाबळला वेगळं असं काही नाही. पण तिथे इमारतीखाली मोठी टाकी, जोडीला बोअर, त्यामुळे नळाचा दिवस कोणता हे कोणाला माहीतही नसतं. आमच्याकडे नळाचा दिवस म्हणजे आई पहाटे चारला उठून मोटरपाशी बसलेली. मे महिन्यात पारा 45 ओलांडतो, तेव्हा आमचा पत्र्याचा कूलर दिवसाला पाच बादल्या पाणी पितो. गेल्या मेमध्ये एकदा नळ चुकला, तर बायकोने शांतपणे विचारलं, "आज आंघोळ कोणाची, तुमची की कूलरची?" तिथून पुढे मला वाद घालता आलेला नाही.

आता पैसा. आमच्या घराला 38 लाख द्यायला एक गिऱ्हाईक तयार आहे. शिल्लक साडेपाच लाख. फ्लॅट 62, त्यावर 6 टक्के मुद्रांक शुल्क, नोंदणीचे 30,000, 5 टक्के जीएसटी धरून आकडा 69 च्या पुढे जातो. म्हणजे साडेपंचवीस लाखांचं कर्ज. 15 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी हप्ता 25,100. वर मेंटेनन्स 2,500. आज आमचा राहण्याचा खर्च म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि दोन-तीन वर्षांनी रंग. हप्ता बायकोच्याच पगारातून जाणार, तिचा पगार माझ्याहून मोठा आहे. तेव्हा "परवडत नाही" म्हणायची मला सोय नाही, आणि खरं तर परवडतंही.

अडलंय ते आईपाशी.

पाडव्याला आम्ही तिला साइट दाखवायला नेलं. लिफ्ट अजून बसायची आहे, जिन्याने दम खात वर आली. हॉल बघितला नाही, किचन बघितलं नाही. विचारलं काय, तर गच्चीची चावी कोणाकडे राहणार? साइटवरचा पोरगा म्हणाला, सोसायटी झाली की सेक्रेटरीकडे. झालं. आई पुढे एक अक्षर बोलली नाही.

ज्यांच्या घरी बिबडे होतात त्यांना हे लगेच कळेल. इतरांसाठी सांगतो, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात आज हिच्याकडे तर उद्या तिच्याकडे असे बिबडे असतात. पहाटे ज्वारीचा घाटा चुलीवर रटरटतो. पाच-सहा जणी गच्चीवर ओलं धोतर पसरून, हात पाण्यात बुडवत थापायला बसतात. पोरं वाटीत गरम घाटा घेऊन, वर तेल ओतून जिन्यातच खातात. ऊन तापायच्या आत सगळं उरकून त्याच बाया ओट्यावर चहा घेतात आणि गल्लीतल्या सगळ्या बातम्या तिथे फुटतात. आई वर्षभर आजारी असली तरी त्या पंधरा दिवसांत तिचे गुडघे दुखत नाहीत. डॉक्टरांनाही हे सांगून झालंय.

आई अमळनेरची, माहेरची अहिराणी अजून तोंडात आहे. परत येताना रिक्षात एवढंच म्हणाली, "तठे माले कोन वळखस?"

तर महागड्या वस्तीत राहायला गेलेल्यांना विचारायचंय. भाव माझ्याकडे आहेत, ते नकोत. दोन-चार वर्षं राहिल्यावर काय हाती लागलं आणि काय गेलं ते सांगा. म्हातारी माणसं रुळली का, हेही.

गणपतीनगरवाली :

भाऊ, आम्ही नऊ वर्षांपूर्वी गावाकडचं सोडून थेट "चांगल्या" वस्तीत आलो. पहिला धक्का भाजीने दिला. गाडीवाला तोच, माल तोच, पण आमच्या गेटशी आला की मेथीची जुडी पाच रुपयांनी चढते. धुणंभांडीवाली मावशी जास्त घेते, इस्त्रीवाला जास्त घेतो. मेंटेनन्स 2,500 सांगितला ना, तो पहिल्या वर्षाचा. लिफ्टचा दोर बदलला, बोअरची मोटर जळली, बाहेरून रंग काढला, की घरटी वेगळी वर्गणी निघते. आणि मुलांचे वाढदिवस! सहावीतला मुलगा आहे म्हणता, तर हे खातं वेगळं काढून ठेवा. तो दुसऱ्यांच्या केकला जाणार आणि मग तुमच्याकडेही तसाच लागणार.

गच्चीचं विचाराल तर आईंचा प्रश्न एकदम बरोबर आहे. पहिल्याच हिवाळ्यात सासऱ्यांनी भरताची हिरवी वांगी आणली, हौसेने वर कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या. खालच्यांना वाटलं आग लागली. पोरं बादल्या घेऊन धावत वर आली आणि वांगी भिजली. आता गॅसवर जाळी ठेवून भाजते. सासरे खातात, पण प्रत्येक वेळी सांगतात की हे वांग्याची भाजी म्हणून चांगलं आहे.

तरी मी परत जाणार नाही. का ते सांगते. तीन वर्षांपूर्वी रात्री दोनला सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्यांची गाडी निघाली, दहा मिनिटांत दवाखाना. गावाहून आणलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. पिंप्राळा काही गाव नाही, तुम्ही शहरातच आहात. म्हणून हा हिशेब तुमच्यासाठी वेगळा निघेल.

नशिराबादनाका :

घ्या भाऊ. पोरगं एकदाच सहावीत असतं.

दस्तलेखक :

माझं रोजचं कामच हे आहे म्हणून कागदाचं बोलतो. बाकी घरचं तुमचं तुम्ही बघा.

घर वडिलांच्या नावावर होतं ना? मृत्युपत्र केलं होतं का? नसेल तर आई, तुम्ही आणि बहिणी असतील तर त्या, सगळ्यांचा सारखा हिस्सा. लग्न झालेल्या मुलींचाही. तुमच्या लेखात 38 लाख सरळ तुमच्या खिशात आलेत, बहिणींचा उल्लेखच नाही. वारसनोंद आधी लावा. विक्रीच्या दस्तावर सगळ्यांच्या सह्या लागतील, नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र. गिऱ्हाइकाकडून बयाणा घेण्याच्या आधी हे करा. घेतल्यावर केलं तर भांडण नक्की.

दुसरं, फ्लॅट नुसता वहिनींच्या नावे घेतलात तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. म्हणजे 62,000 वाचले. दोघांच्या नावे घेतला तर मिळत नाही. जीएसटी लागतोय तो बांधकाम चालू आहे म्हणून. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत तो लागत नाही, म्हणजे त्याच भागात तयार फ्लॅट मिळाला तर तीन लाख दहा हजार तिथेच सुटतात. महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांची सरकारी नोंद, तिच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताब्याची तारीख बघा आणि चटई क्षेत्र (आतली वापरायची जागा) किती ते लिहून घ्या, बिल्टअपच्या गप्पा ऐकू नका. घर विकून येणाऱ्या नफ्यावर आयकर लागतो, पण दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सूट मिळते. सीएला विचारून घ्या.

आणि मूळ प्रश्न. ताबा दीड-दोन वर्षांनी मिळणार आणि घर आत्ता विकणार, तर मधल्या काळात तुम्ही राहणार कुठे? भाडं आणि हप्ता दोन्ही चालू होतील. हे धरलंत का हिशेबात?

धुळेकर :

आमचं धुळ्यात गल्लीतलं घर. ब्रिग्ज या इंग्रज साहेबाने 1819 मध्ये आखलेल्या सरळ गल्ल्या, पत्ता अजूनही गल्ली नंबरने सांगतो. त्या काळी ती आखीव पेठ म्हणजे आजचं महाबळच असणार. भाऊबंद एकेक करून देवपूरला गेले, आम्हीही गेलो. आमची आजी दीड वर्ष रोज दुपारी जेवून रिक्षाने जुन्या गल्लीत जायची आणि दिवेलागणीला परत यायची. रिक्षावाला ठरलेला होता, पैसे महिन्याला द्यायचो. घरखर्चात तो आकडा कोणी धरला नव्हता. मग खालच्या मजल्यावर एक शिरपूरच्या आजी राहायला आल्या आणि रिक्षा बंद झाली. म्हातारं माणूस रुळतं, पण त्याला एक तरी माणूस मिळावं लागतं आणि ते बिल्डर देत नाही.

माझा सल्ला साधा. आधी त्याच भागात 11 महिन्यांच्या करारावर भाड्याने राहून बघा. करार नोंदवूनच करा, महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे. फक्त एप्रिल-मे त्यात यायला हवेत. दिवाळीत सगळीच घरं चांगली वाटतात.

एक विचारायचं राहिलं. चौथ्याच्या वर मजला आहे की डायरेक्ट स्लॅब? स्लॅब असेल तर रात्री दहालाही छत तापलेलं असतं, तुमचा कूलर पाचाच्या सात बादल्या पिईल.

शाळामास्तर :

वहिनी झेडपीत आहेत, बदलीचा विचार केला का? उद्या रावेर मिळालं तर महाबळ काय आणि पिंप्राळा काय, दोन्ही लांबच. आणि आज धरणगावकडे जायला पिंप्राळा सोयीचा आहे. महाबळहून त्यांना रोज आधी शहर पार करावं लागेल. मुलाची पाऊण तासाची व्हॅन वाचेल, ती त्याच्या आईच्या खात्यात जमा होईल.

पिंप्राळकर :

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण दस्तलेखक भाऊंनी जिथे बोट ठेवलं तिथे खरंच दुखत होतं. दोन बहिणी आहेत. मृत्युपत्र नाही. आणि खोटं कशाला बोलू, त्यांचा हिस्सा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी हिशेब लिहिणारा माणूस आणि दोन नोंदी राहिल्या.

दोघींना फोन केले. धाकटी चोपड्याला दिली आहे. ती म्हणाली, "सही कुठे करायची सांग, पैसा नको मला. पण दादा, आखाजीला झोका कुठे बांधशील?" आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तेव्हा दोघी पोराबाळांसकट येतात, चार-पाच दिवस असतात, रात्री सगळी वरात गच्चीवर झोपते. टू बीएचकेत आम्ही नऊ जण कसे मावणार हे मी कागदावर काढून बघितलं, हॉलमध्ये आडवे झोपलो तरी दोघं उरतात.

मोठी काहीच बोलली नाही, "बघू" म्हणाली. तिच्या मुलीचं इंजिनीअरिंग चालू आहे, तिला गरज आहे. तिने हिस्सा मागितला तर तो तिचाच आहे. साडेनऊ लाख गेले की माझे 38 चे साडेअठ्ठावीस होतात, कर्ज 35 लाखांवर जातं आणि हप्ता साडेचौतीस हजार. हे बायकोला दाखवलं. तिने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "मग आधी भाड्याने बघू." म्हणजे धुळेकरांचं ऐकलं, माझं नव्हे. (आणि हो, चौथ्याच्या वर डायरेक्ट स्लॅबच आहे.)

त्याच भागात जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक जागा बघितली आहे, 14,000 भाडं. पिंप्राळ्याचं घर तूर्त विकत नाही. आखाजीला दोघी आल्या की समोरासमोर बसून बोलू, गिऱ्हाईक तोवर थांबलं तर ठीक. आईला विचारलं तर म्हणाली, बिबडे उरकले की येते. म्हणजे येणार आहे, हेच पुष्कळ. चावी मात्र पिंप्राळ्याची स्वतःच्या कमरेला ठेवणार म्हणाली.

आता एकच विचारायचंय. त्या जागेला हॉलच्या खिडकीबाहेर ग्रिल नाही आणि बाल्कनी दोन फुटांची. आमचा कूलर तीन फुटी, लोखंडी स्टँडचा. मालक भिंतीला अँगल ठोकू देत नाही म्हणतो. कोणी अशा ठिकाणी कूलर बसवलाय का? कसा?