रिफॉर्मरचं सिम्युलेटर ट्रेनिंग: आरजीसी ट्रिपला दरवेळी घोळ होतोय

प्रश्न: रिफायनरीत क्रूडच्या पॅनलवर सहा वर्षं काढली, आता रिफॉर्मरला (नॅफ्थ्याचा ऑक्टेन वाढवणारं युनिट) टाकलंय, त्याआधी सिम्युलेटरवर ट्रेनिंग. स्टार्टअप जमतं पण इन्स्ट्रक्टरने रिसायकल गॅस कंप्रेसर (आरजीसी, हायड्रोजन फिरवत ठेवणारा) अचानक बंद पाडला, म्हणजे ट्रिप केला, की माझी वाट लागते. लोड कमी करताना आधी टेंपरेचर उतरवा मग फीड (आत जाणारा नॅफ्था) असं शिकवलंय ना, म्हणून काल तसं हळूहळू करायला गेलो तर ओरडा बसला. मग खरं काय?

उत्तर १: दोन्ही खरं आहे रे. लोड उतरवताना टेंपरेचर तेच ठेवून फीड कापलं तर नॅफ्था कॅटॅलिस्टवर जास्त वेळ रेंगाळतो, क्रॅकिंग वाढतं, कोक (कार्बनचा थर) बसतो, म्हणून आधी टेंपरेचर. पण आरजीसी गेला म्हणजे हायड्रोजन फिरायचाच थांबला, रिअ‍ॅक्टर ५०० डिग्रीच्या आसपास तापलेले आणि हीटरच्या ट्यूबमधली उष्णता न्यायला कोणी नाही. तिथे क्रम वगैरे विसर, हीटर आणि फीड दोन्ही ताबडतोब बंद. इंटरलॉक (आपोआप बंद करणारी सुरक्षा यंत्रणा) ते करतोच, तू फक्त फ्युएल गॅसचे शटऑफ व्हॉल्व खरंच बसले का आणि फीडचा फ्लो शून्यावर आला का ते बघ, अलार्मची यादी नंतर वाच.

उत्तर २: ट्रिप सगळेच घोकतात, मला विचाराल तर हळू बिघडणारे सीन मागून घ्या. आम्हाला एकदा फीडमध्ये सल्फर वाढवून दिला, कोणी सांगितलं नाही. पहिल्या रिअ‍ॅक्टरचा डेल्टा टी, म्हणजे आत-बाहेरच्या टेंपरेचरमधला फरक, उतरायला लागला (तिथे नॅफ्थीनचं डिहायड्रोजनेशन होतं, म्हणजे त्यातून हायड्रोजन निघतो, उष्णता शोषणारी रिअ‍ॅक्शन, म्हणून एरवी सगळ्यात जास्त डेल्टा टी तिथेच), हायड्रोजनही कमी, लॅबचा ऑक्टेन पडला आणि मी शहाण्यासारखं इनलेट टेंपरेचर चढवलं. तिथेच चुकलं, सल्फरने कॅटॅलिस्टमधलं प्लॅटिनम झोपलेलं असताना टेंपरेचर चढवलं की नुसता कोक. उलट उतरवायचं आणि हायड्रोट्रीटरकडे (फीडमधला सल्फर काढणारं आधीचं युनिट) बघायचं.

उत्तर ३: सिम्युलेटर मध्येच थांबवणाऱ्या फ्रीझ बटणाला हात लावू नका, सवय लागते. आणि वॉकीटॉकीवर कोणाला तरी फील्डवाला बनवून बसवा, व्हॉल्व बंद व्हायला त्याने मुद्दाम वेळ लावायचा, सिम्युलेटरमध्ये एका क्लिकवर बंद होतो तो प्रत्यक्षात अडकलेला असतो.

प्रश्नकर्ता: आज परत ट्रिप घेतली, हीटर आणि फीड वेळेत, पण सेपरेटरच्या (गॅस आणि द्रव वेगळं करणारं भांडं) प्रेशरकडे लक्षच दिलं नाही. उद्या परत.