पूर ओसरल्यावर धीर कोण देणार? आशा, तलाठी, आपदा मित्रांना मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवं की नको?

गिरणाथडी (धागाकर्ता)

मे महिना आला की तालुक्याला आपत्तीपूर्व बैठक होते. बोटी, लाइफ जॅकेट, दोर, जेसीबी, सर्पदंशाचं इंजेक्शन, हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले तर कोणत्या गावांना आधी कळवायचं, सगळ्याची यादी निघते. पूर ओसरल्यावर माणसांशी कोणी बोलायचं आणि काय बोलायचं, हे मात्र त्या यादीत नसतं.

चाळीसगावचा ३१ ऑगस्ट २०२१ आठवा. कन्नड घाटाच्या बाजूला प्रचंड पाऊस झाला, तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, बाजारपेठेत पाणी शिरलं आणि काठच्या गावांतली शेकडो जनावरं वाहून गेली. नंतर गोठ्यांसमोर रीघ लागली आणि बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य, "जाऊ द्या भाऊ, जीव तर वाचला ना." ज्याचा गोठा रिकामा झाला त्याला हे ऐकून काय वाटत असेल?

माझा प्रस्ताव असा. जे पहिल्या काही तासांत पोचतात, म्हणजे आपदा मित्र (आपत्तीत मदतीसाठी शिकवलेले स्वयंसेवक), आशा, अंगणवाडीताई, पोलीस पाटील, कोतवाल, तलाठी आणि १०८चे चालक, त्यांना दरवर्षी पावसाळ्याआधी मानसिक प्रथमोपचाराचं एका दिवसाचं प्रशिक्षण सक्तीचं करावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये याची पुस्तिका काढली आहे. तिचा गाभा तीन गोष्टींत मावतो: आधी पाहा, मग ऐका, मग योग्य मदतीशी जोडून द्या. बोलायला भाग पाडू नका, खोटी आश्वासनं देऊ नका, दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना करू नका. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही २००९ मध्येच आपत्तीतल्या मनोसामाजिक आधाराबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ती तालुक्यापर्यंत कधी यायची?

केळीबाग_रावेर

ठाम विरोध. मे-जूनच्या वादळात घडानिशी उभी बाग अर्ध्या तासात आडवी होते. त्या वेळी मला कोणी "ऐकायला" नको. पंचनामा वेळेत हवा, तलाठ्याने बांधावर यायला हवं, बसल्या जागी आकडा टाकू नये. विम्याची कंपनी फोन उचलत नाही आणि तुम्ही म्हणता आशाताई येऊन हात धरेल. माझ्या डोक्याला झालं काय आहे? सोसायटीचं कर्ज झालंय. त्याचा इलाज करा.

गिरणाथडी

@केळीबाग_रावेर, तुमचं म्हणणं या विषयाच्या विरोधात नाही. आपत्तीतल्या मानसिक आरोग्याबद्दल आंतरराष्ट्रीय संस्थांनी २००७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं ठरवली त्यात चार थर आहेत. सगळ्यात खाली, सगळ्यात रुंद थर आहे अन्न, निवारा, सुरक्षितता यांचा, आणि ते मिळवताना माणसाचा मान राखण्याचा. डॉक्टर सगळ्यात वरच्या, अरुंद टोकाला. पंचनामा कसा होतो हाच मानसिक आरोग्याचा पहिला थर आहे.

केळीबाग_रावेर

मग त्याला चांगलं प्रशासन म्हणा ना! तलाठ्याने नीट वागावं यासाठी मानसिक आरोग्याचं वेगळं प्रशिक्षण कशाला? उद्या बँकवाल्याने नीट बोलावं म्हणून त्यालाही मानसोपचाराचा कोर्स देणार?

आशाताई_यावल

मला बोलावंच लागेल, कारण अशा प्रस्तावात पहिलं नाव आमचंच येतं.

लसीकरण आम्ही, बाळंतपण आम्ही, क्षयरोगाचे रुग्ण शोधणं आम्ही, कोविडमध्ये दारोदारी ताप मोजणं आम्ही. मोबदला वाढावा म्हणून २०२४ मध्ये आझाद मैदानावर बसावं लागलं. आणि आता लोकांचं दुःखही आम्हीच ऐकायचं. धागाकर्ते विसरतात की पूर आशाच्या घरातही शिरतो. माझ्याच गल्लीत पाणी असेल, माझीच पोरं शाळेच्या ओट्यावर झोपलेली असतील, तेव्हा मी वही घेऊन कोणाला "कसं वाटतंय" विचारत फिरू?

आणि एक दिवसाच्या प्रशिक्षणाचं सांगूच नका. अकराला सुरू होतं, नाश्ता, प्रोजेक्टर, सही, फोटो. संध्याकाळच्या एसटीने घरी.

जुना_खान्देशी

भाऊ, दुखमा मानूस मानूसले भेटस, त्याले सर्टिफिकेट कसाले पायजे?

आपल्याकडे कोणी गेलं की लोक दारवर, म्हणजे घरच्यांना भेटायला, जातात. चूल पेटत नाही तोवर शेजारच्या घरांतून भाकरी येते. सुतक फिटण्याच्या विधीपर्यंत, म्हणजे गंधमुक्तीपर्यंत, घर भरलेलं असतं, एकट्याला कोणी सोडत नाही. हे सगळं जिनिव्हात बसून कोणी लिहिलेलं नाही. आता यालाही प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि वर त्याचा अहवाल. गावाला गावाचं काम करू द्या.

गिरणाथडी

माणूस गेला तर गंधमुक्ती आहे, हे खरंच. आठ म्हशी गेल्या तर कोणता विधी आहे? वरची माती खरडून जाऊन शेतात नुसते गोटे उरले, तर दारवर कोण येतं? आणि हे सांगा, काठावरची सगळी आळीच पाण्यात गेली तर भाकरी आणणारा शेजारी कुठून येणार? गावाची रीत एका घरावर दुःख आलं तर उत्तम चालते. आपत्तीत दुःख सगळ्यांवर एकदम येतं, तेव्हा बाहेरून येणारा माणूस लागतो, आणि त्याला काय बोलू नये एवढं तरी माहीत असावं.

मनोवैद्य_जळगाव

मी या क्षेत्रातला, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचणार.

पहिलं म्हणजे धोका. एके काळी आपत्तीनंतर लगेच लोकांना गोळा करून "काय काय घडलं ते सविस्तर सांगा" अशी एकवेळची बैठक घेण्याची पद्धत होती. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्याने दाखवलं की त्यातून पुढचा आघातविकार टळत नाही, काहींना उलट त्रासच होतो. अर्धवट शिकलेला उत्साही कार्यकर्ता नेमकं हेच करतो. जखम उकरतो आणि गाडीत बसून निघून जातो. त्यामुळे एका दिवसाच्या सक्तीला माझा विरोध आहे. त्या पुस्तिकेचा वापर जगभर होतो, पण तिच्या परिणामांचा पक्का पुरावा अजून तुटपुंजाच आहे, हेही धागाकर्त्याने सांगायला हवं होतं.

दुसरं, "हे काम फक्त डॉक्टरांचं" हेही खरं नाही. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही, आणि जे आहेत ते शहरात. गोव्यात साध्या समुपदेशकांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर काम झालं. झिम्बाब्वेत आज्ज्या दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून तेच करतात. पेशावरमध्ये हिंसाचाराची झळ बसलेल्या लोकांवर पाच बैठकांची पद्धत वापरली, तीही बिगरतज्ज्ञांकडून, आणि फरक दिसला. पण या सगळ्या ठिकाणी एक समान गोष्ट होती: शिकवून सोडून दिलं नाही. पाठीशी अनुभवी माणूस होता, ठरलेल्या वेळी प्रकरणांवर चर्चा होत होती. आपल्याकडे प्रशिक्षणाचा खर्च मंजूर होतो, या पाठबळाचा होत नाही.

केळीबाग_रावेर

डॉक्टरसाहेब, आपत्तीत पाचातल्या एकाला मानसिक आजार होतो असं कुठेतरी वाचलं. म्हणजे जिल्ह्यातल्या दर पाचव्या माणसाला गोळ्या सुरू करायच्या का?

मनोवैद्य_जळगाव

तो आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा, पण युद्ध आणि संघर्षाच्या भागांतला: २२ टक्के, आणि त्यातही सौम्य त्रासाचेच जास्त. तो तापीच्या पुराला जसाच्या तसा लावू नका. पुरानंतर झोप न लागणं, ढग दाटले की छातीत धडधडणं, हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप निवळतं. गोळ्यांचा प्रश्नच नाही. प्रश्न उरतो तो न निवळणाऱ्यांचा. त्यांना ओळखणार कोण?

भुसावळ_यार्ड

पुराचंच बोलताय सगळे. २२ जानेवारी २०२५, पाचोरा तालुक्यात परधाड्याजवळ. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली, साखळी ओढली, लोक रुळांवर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. मयतांत काही नेपाळचे होते. त्यांची भाषा कोणाला येत नाही, घरचे हजार-दीड हजार किलोमीटरवर.

मदतीला सगळ्यात आधी धावले ते आसपासच्या गावचे लोक आणि शेतात काम करणारे. मग पोलीस, रुग्णवाहिकेवाले, रेल्वेचे कर्मचारी. जे त्यांनी उचललं ते मी इथे लिहिणार नाही. जखमींची विचारपूस झाली, व्हायलाच हवी. उचलणाऱ्यांना कोणी विचारलं? आमच्यात रुळावरच्या माणसाने एवढंच करायचं असतं: हात धुवायचे आणि पुढच्या ड्यूटीला जायचं. प्रशिक्षण द्यायचं तर आधी आम्हाला आमच्यासाठी द्या. दुसऱ्यांना धीर द्यायचं नंतर बघू.

आशाताई_यावल

@भुसावळ_यार्ड +१. हे पहिल्यांदा कोणीतरी बोललं.

गिरणाथडी

भुसावळ_यार्ड यांचा मुद्दा बरोबर आहे, आणि २०११च्या त्या पुस्तिकेत मदतनिसाने स्वतःची काळजी घेण्यावर वेगळा भाग आहे. प्रशिक्षणाला विरोध करण्याचं ते कारण होऊ शकत नाही, प्रशिक्षण का हवं याचंच ते कारण आहे. आपदा मित्र योजनेत बारा दिवस शिकवतात. त्या बारातला एक दिवस याला दिला तर सरकारचं काय जातं?

सातपुड्याच्या_पायथ्याला

धडगावकडून लिहितो. रेंज आली म्हणून एकदाच सगळं.

तुमच्या चर्चेत सगळेच मराठी बोलतात. इकडे नर्मदाकाठच्या पाड्यांवर पावरी आणि भिली चालते. २०१९च्या संक्रांतीला भुषाजवळ बोट उलटली, त्यात लहान मुलं गेली. त्या आयांशी प्रमाण मराठीत काय बोलणार? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास आहे, पण पाड्यावर फोनला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. अचानक मरण आलं की इथे लोक आधी बुडव्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, जातात. त्यात सगळंच वाईट नाही. घरचे एकत्र बसतात, रात्रभर सोबत असते, दुःखाला कारण मिळतं. पण तेच कारण कधी एखाद्या एकट्या म्हातारीच्या दारात जाऊन थांबतं आणि तिला डाकीण ठरवलं जातं. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण तो गुन्हा घडल्यावर कामाला येतो. त्याआधी पाड्यात कुजबुज सुरू होते ती फक्त स्थानिक बाईला, म्हणजे आशाला किंवा अंगणवाडीताईला ऐकू येते. म्हणून माझं मत आशाताईंच्या विरुद्ध आहे. हे काम तुमच्याशिवाय दुसरं कोणी करूच शकत नाही. जळगावहून आलेल्या समुपदेशकाला पाडा चहा देईल, मनातलं सांगणार नाही.

जुना_खान्देशी

मग मी काय वेगळं बोललो? गावचाच माणूस लागतो.

सातपुड्याच्या_पायथ्याला

गावचा माणूस लागतोच. पण कुजबुज सुरू झाली की गावचाच माणूस तीत सामीलही होतो. म्हणून शिकवायचं.

सजा_तलाठी

नाव लिहित नाही, कारण कळेलच. इथे शिव्या आम्हालाच आहेत, म्हणून आमची बाजू.

माझ्याकडे एकाहून जास्त गावं. पाऊस थांबला की वरून फोन सुरू, पंचनामे अमुक तारखेच्या आत पूर्ण करा, फोटो अपलोड करा. २०२२-२६च्या निकषांत दुभत्या जनावराला ३७,५०० रुपये होते, तेही जास्तीत जास्त तीन जनावरांपर्यंत. म्हैस लाखाची, हे मलाही कळतं. वाहून गेलेलं जनावर सापडलंच नाही तर मेल्याचा पुरावा काय, यावरून समोरचा माणूस ओरडतो, रडतो, एखादा अंगावर येतो. मी काय करतो? मान खाली घालून लिहितो. वर पाहिलं तर पुढच्या बांधावर जायला उशीर होतो.

प्रशिक्षणात मला कोणी एवढंच शिकवलं तरी चालेल की ओरडणाऱ्या माणसासमोर दोन मिनिटं कसं उभं राहायचं आणि "पैसे कधी" याला खोटं न बोलता काय उत्तर द्यायचं. आम्ही "आठ दिवसांत" म्हणून टाकतो. आठ दिवसांनी तो येतो आणि त्याचं दुःख आणि आमचं खोटं एकत्र झालेलं असतं.

केळीबाग_रावेर

तलाठी आप्पा, हे मात्र मानलं. पण त्यासाठी मनाच्या शास्त्राची काय गरज? वरून खरी तारीख द्या म्हणावं.

सजा_तलाठी

वरून तारीख येत नाही, भाऊ. म्हणून तर.

मनोवैद्य_जळगाव

आता कामाचं बोलू. माझ्या मते सगळ्यांना सगळं शिकवू नये. तलाठी आणि कोतवालाला दोन तास: वर तलाठ्यांनी मागितलं तेवढंच. आपदा मित्र, रेल्वे आणि १०८ला स्वतःच्या गटातच ड्यूटीनंतर बोलायची सवय आणि एक ठरलेला वरिष्ठ. आशाला खोलातलं, पण महिन्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य पथकासोबत बैठक असेल तरच.

आशाला शिकवताना एक गोष्ट सगळ्यात वर ठेवीन. कापूस-केळीच्या घरात फवारणीचं औषध पलंगाखाली नाहीतर दाराआड असतं. आत्महत्येचा विचार बऱ्याचदा काही तासांचा असतो. त्या तासांत हाताशी विष नसेल तर माणूस वाचू शकतो. जो जेवत नाही, बोलत नाही, "आता सुटलो पाहिजे" म्हणतो, त्याच्या घरातली बाटली शेजाऱ्याच्या कुलूपबंद कोठीत ठेवायला लावा, त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ लावून द्या किंवा सोबत दवाखान्यात न्या. याला पदवी लागत नाही. आणि आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने विचार डोक्यात भरतो, ही भीती सोडा. तसं होत नाही.

गिरणाथडी

डॉक्टर, मग सक्ती नको म्हणता, पण ही मासिक बैठक आशांना सक्तीचीच ना?

मनोवैद्य_जळगाव

हो. सक्ती शिकवणाऱ्यावर असावी, पथकाने यायलाच हवं.

आशाताई_यावल

बाटलीचं मी करते, आत्तासुद्धा. कोणाच्या घरात काय चाललंय ते मला माहीत असतं, त्याला पीपीटी लागली नाही. मासिक बैठकीलाही येईन. पण बैठकीचा दिवस, एसटीचं भाडं आणि रात्री-अपरात्री कोणासोबत दवाखान्यात बसले तर त्याचा मोबदला, हे तिन्ही शासन निर्णयात लिहून येऊ द्या. त्याआधी कुठल्याच हजेरीपटावर माझी सही होणार नाही, आणि माझ्या गटातल्या बायकांनाही मी तेच सांगणार आहे.

सातपुड्याच्या_पायथ्याला

त्यात पावरी दुभाषी बाईचा मोबदलाही लिहून घ्या, ताई.