दिवाडी बेटावर सायकलने एक दिवस : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डिसेंबरात पणजीला मुक्काम आहे. त्यातला एक दिवस दिवाडी बेटासाठी राखून ठेवलाय. मी, धाकटा भाऊ आणि साठी ओलांडलेले बाबा. बाबा रोज सायकल चालवतात, उलट आम्हीच मागे पडू.

बेत असा : सकाळी जुन्या गोव्याहून व्हाइसरॉयच्या कमानीजवळच्या धक्क्यावरून फेरीबोट, मग खाजन शेतीतून (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली सखल शेती) जाणारा बांधासारखा रस्ता, पिएदादच्या टेकडीवरचं चर्च, आणि पुढे दुसऱ्या फेरीने नार्वे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. बाबांना त्याच क्रमाने जायचंय, आधी मूळ जागा, मग नार्वे. हा हट्ट मला तरी पटतो.

आता अडचणी. गिअरच्या चांगल्या सायकली भाड्याने पणजीत घ्याव्यात की दिवाडीवरच मिळतात? टेकडीचा चढ साध्या सायकलने झेपेल का? नार्व्याची फेरी दुपारी बंद असते का, शेवटची किती वाजता? बेटावर दुपारी साधं मासे-भात जेवण देणारी खानावळ, शक्यतो घरगुती, कोणी सुचवेल का? रिसॉर्टवाली नको.

परतताना रायबंदरहून चोडणला जाऊन सलीम अली पक्षी अभयारण्यही पाहायचं भावाच्या मनात आहे. मला ते एकाच दिवसात ओढाताणीचं वाटतं, शिवाय पक्षी सकाळीच दिसणार. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगा, म्हणजे त्याला गप्प करता येईल.