दोन अंकी वर्ष: एकाच रजिस्टरमधून दोन संगणकांवर दोन जन्मसाले

लेखनिक (महाल, नागपूर): नमस्कार. मी एका पतसंस्थेत काम करते. १९८६ ते २०१२ या काळातील सभासद रजिस्टर एक्सेलमध्ये उतरवण्याचे काम आम्ही दोघी करत आहोत. रजिस्टरात जन्मतारीख सर्वत्र १४/६/४१ अशी, वर्षाचे दोनच अंक घालून लिहिलेली आहे. माझ्या जुन्या संगणकावर हे साल १९४१ होते, तर शेजारच्या टेबलावरील नव्या विंडोजवर तेच २०४१ होते. सन २८ चे सभासद तर दोन्हीकडे २०२८ मध्ये जातात. परवा याच कारणाने एका आजींना ज्येष्ठ नागरिकांचा वाढीव व्याजदर लागला नाही आणि त्यांना काउंटरवर तासभर ताटकळावे लागले, याचे मला फार वाईट वाटते. नेमके काय चुकते आहे?

धरमपेठकर: ताई, तुमचे टंकन चुकलेले नाही. दोन अंकांत शतक नसते, त्यामुळे यंत्रणेला शंभर वर्षांची एक चौकट ठरवून त्यात ते साल बसवावे लागते. जुन्या विंडोजमध्ये ही चौकट १९३० ते २०२९ अशी होती, नव्यात ती १९५० ते २०४९ अशी सरकवली आहे, आणि एक्सेल टंकलेली तारीख वाचताना विंडोजची हीच चौकट वापरतो. म्हणून ३० ते ४९ या सालांबाबत तुमच्या दोन संगणकांचे एकमत होत नाही. लिनक्स या संगणक प्रणालीवर किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषेत रेषा आणखी वेगळी आहे: तिथे ६९ ते ९९ विसाव्या शतकात आणि ०० ते ६८ एकविसाव्या शतकात धरतात, म्हणजे सन ६५ चा जन्म थेट २०६५ मध्ये जातो. कंट्रोल पॅनेलमधील रीजनमध्ये, तारखेच्या टॅबखाली, चौकटीचे शेवटचे वर्ष बदलता येते. रजिस्टर २०१२ मध्ये संपत असल्याने ते दोन्हीकडे २०१२ करावे.

प्रोग्रामर, नागपूर: वरील सल्ला योग्य आहे, पण तो पुढच्या नोंदींपुरताच उपयोगी पडेल. एक्सेल तारीख अक्षरांत साठवत नाही. १ जानेवारी १९०० हा दिवस १ धरून तो दिवसांचा क्रमांक साठवतो. तुमच्या उदाहरणात १५१४१ ऐवजी ५१६६६ हा क्रमांक आधीच पक्का झाला आहे, आणि सेटिंग बदलल्याने तो हलणार नाही. माझ्या मते खरा आधार नोंदणीची तारीख हा आहे. ८६ ते १२ ही साले दोन्ही चौकटींत बरोबरच वाचली जातात, आणि नोंदणीनंतरचा जन्म अशक्य आहे. म्हणून जिथे जन्म नोंदणीनंतरचा दिसतो, तिथे ईडेट (तारखेत महिने मिळवणारे वा वजा करणारे एक्सेलचे सूत्र) या फंक्शनने १२०० महिने, म्हणजे शंभर वर्षे, वजा करावेत. सभासदांसाठी अट आणखी कडक ठेवता येईल: नोंदणीच्या दिवशी वयाची अठरा वर्षे पूर्ण असलीच पाहिजेत. यापुढे मात्र वर्ष चार अंकीच टंकावे.

धरमपेठकर: नोंदणीच्या तारखेचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो माझ्या उपायापेक्षा सरस आहे. संस्थेत दीर्घ मुदतीच्या ठेवी असतील, तर लेखा प्रणालीही तपासून घ्या. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या प्रणालींची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते आणि पुढच्या सेकंदाला ती डिसेंबर १९०१ मध्ये जाते. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीतील टाइमस्टॅम्प हा तारीख-वेळ साठवण्याचा प्रकारही त्याच क्षणापर्यंतच चालतो, तर साधा डेट प्रकार ९९९९ सालापर्यंत जातो. मुदतपूर्तीची तारीख २०३८ नंतरची असेल, तर ही अडचण आजच येऊ शकते.

लेखनिक (महाल, नागपूर): दोघांचेही मनापासून आभार. सभासदांचा रकाना अठरा वर्षांच्या अटीने पूर्ण दुरुस्त झाला, आणि त्या आजींचे साल १९४१ झाले. अडले ते वारसांच्या रकान्यात. २०१० मधील एका नोंदीत वारसाचे जन्मसाल ०८ आहे, आणि १९०८ व २००८ दोन्ही शक्य आहेत. अशा नोंदींसाठी आता मूळ रजिस्टर उघडून नात्याचा रकाना पाहते आहे. या नोंदीत तिथे फिकट शाईत ‘नातू’ असे लिहिलेले सापडले, म्हणून २००८ कायम ठेवले आहे.