मदत हवी आहे : उणे १२ अंशांत गाडी आधी तापवायची की सरळ निघायचं?

केम्प्टनकर

नमस्कार मंडळी,

आम्ही दक्षिण जर्मनीत, आल्गॉय भागात केम्प्टनला राहतो. गाड्या इमारतीसमोर उघड्यावर असतात. सध्या सकाळी उणे १० ते उणे १२ असतं, काचेवर बर्फाचा जाड थर. माझी गाडी १.० लिटर टर्बो पेट्रोल, नवऱ्याची जुनी २.० लिटर डिझेल.

सासरे नाशिकहून थंडीभर राहायला आलेत. त्यांनी आधी फियाट आणि मग डिझेल जीप वर्षानुवर्षं चालवली, त्यामुळे गाडी या विषयात घरात त्यांचा शब्द शेवटचा. नियम असा, की गाडी सुरू करायची, दहा मिनिटं तशीच ठेवायची, तोवर चहा घ्यायचा आणि मग निघायचं. "गार इंजिनावर भार टाकलास तर (पिस्टनच्या) रिंगा जातील" हे रोज ऐकते. परवा त्यांनी माझी गाडी अशीच चालू ठेवली, तर समोरच्या आजी बाल्कनीतून "फरबोटन, फरबोटन" (मनाई आहे) करायला लागल्या. बाबांनी हात जोडून त्यांना गुटन मॉर्गन केलं. आजी आणखी चिडल्या.

नवरा म्हणतो लगेच निघ, बाबा म्हणतात थांब. मला खरंच जाणून घ्यायचंय की इतक्या थंडीत लगेच निघाल्याने इंजिनाचं नुकसान होतं का? डिझेलचा नियम वेगळा असतो का? आणि काच कशी साफ करायची? बाबा गरम पाण्याचा तांब्या घेऊन निघाले होते, कसंबसं थांबवलं. माझा प्रवास फारसा नाही, मुलीला किंडरगार्टनला सोडून परत, एका बाजूने तीन किलोमीटर.

बाबांना पटेल असं कारण सांगा. "आता तसं नसतं" एवढ्यावर ते ऐकणार नाहीत.

चौथा_गिअर

आजींचं बरोबर आहे. जर्मन वाहतूक नियमावलीच्या कलम ३० मध्ये इंजिन विनाकारण चालू ठेवायला मनाई आहे आणि उभ्या गाडीचं इंजिन तापवणं हे त्यांच्या लेखी विनाकारणच. दंड ८० युरो. काच खरवडतानाही इंजिन बंद हवं. उलट काचेत नुसतं भोक पाडून त्यातून बघत निघालात तर त्याचा दंड वेगळा. म्हणजे काच पूर्ण साफ हवी आणि ती हातानेच करायची.

गरम पाणी नकोच! गार काचेला तडा जातो, आधीच बारीकशी चीर असेल तर हमखास. शिवाय खाली सांडलेल्या पाण्याचा बर्फ होतो आणि तुम्हीच त्यावर घसरता.

जुना_चोक

मी बाबांच्या बाजूचा. एक-दोन मिनिटं थांबल्याने कुणाचं काय बिघडतं? आमच्या निफाडला पारा पाचाच्या खाली गेला की ट्रॅक्टर, जीप सगळं धडधडत ठेवतात, आणि त्या गाड्या पंचवीस-पंचवीस वर्षं चालल्यात.

टेस्टबेड

पुण्यात इंजिन टेस्टिंगमध्ये काम करतो, थोडं सविस्तर लिहितो.

बाबा त्यांच्या गाडीपुरते शंभर टक्के बरोबर होते, तिथूनच सुरुवात करा. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचे थेंब हवेबरोबर लांब नळीतून जायचे. नळी गार असली की बरंचसं पेट्रोल तिच्या भिंतीलाच चिकटायचं, सिलिंडरपर्यंत वाफ पोचायची नाही. म्हणून चोक ओढून हवा कमी करायची, मिश्रण घट्ट करायचं आणि इंजिन तापेपर्यंत थांबायचं. न थांबता क्लच सोडला की गाडी आचके देऊन बंद. आताच्या गाडीत हे काम संगणक करतो. हवेचं आणि कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान बघून किती पेट्रोल फवारायचं ते तोच ठरवतो. आपल्याकडे एप्रिल २०२० ला भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर स्कूटर-मोटरसायकलींतूनही चोक जवळजवळ गेलाच.

दुसरा मुद्दा तेलाचा, आणि रिंगांची काळजी खरी इथली आहे. बाबांच्या जीपमध्ये बहुधा २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० तेल असणार. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ राहतं. २०डब्ल्यू तेल पंपाने ओढलं जातं की नाही याची कसोटी उणे २० अंशांना घेतात. ५डब्ल्यू तेलाची घेतात उणे ३५ ला, ०डब्ल्यूची उणे ४० ला. तुमच्या गाडीत ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूच असेल, पुस्तिकेत बघा. उणे १२ ला ते काही सेकंदांत वरपर्यंत पोचतं. जाड तेल घातलेल्या जीपला नाशिकच्या पहाटे जास्त वेळ लागत असेल, तर थांबण्याची सवय उगाच लागलेली नाही.

आता उभी गाडी तापवण्याचा तोटा. इंजिन रिकामं फिरत असताना जळतं थोडंसंच इंधन, त्यामुळे उष्णताही थोडीच. दहा मिनिटांत तापमानाचा काटा जेमतेम हलतो. तोवर गार इंजिनाला संगणक जास्तीचं पेट्रोल देत राहतो. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलाची फिल्म धुऊन खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं. म्हणजे ज्या रिंगा वाचवायला थांबायचं, त्यांनाच जास्त वेळ कमी तेलावर घासायला लावायचं. धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) साधारण ३०० अंशांच्या आसपास नीट काम करू लागतो, उभ्या गाडीत तो तापायलाही वेळ लागतो. आजींना वास आला असेल तर तो याचाच.

आणि गिअरबॉक्सचं तेल, चाकांचे बेअरिंग, शॉक अॅब्सॉर्बर, टायर हे सगळं उभ्या गाडीत गारच राहतं. ते तापतं फक्त चालताना.

म्हणून गाडी सुरू करा, बेल्ट लावा, आरसे बघा, अर्धा मिनिट झालं की निघा. पहिले काही किलोमीटर इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या वर नेऊ नका, पाय पूर्ण दाबू नका. टर्बो आहे, त्याला तर हे फारच महत्त्वाचं. कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे तेल तापलं असं नाही, तेल बरंच मागे असतं. पहिला चढ किंवा हायवेचा रॅम्प लगेच येत असेल तर वाट बदलून सपाट रस्त्याने जा, एवढं तरी करता येतं.

@जुना_चोक, एक-दोन मिनिटांनी काही बिघडत नाही, मान्य. वाद दहा मिनिटांचा आहे.

केम्प्टनकर

@टेस्टबेड, खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं. "माझ्या गाडीपुरता बरोबर" हे वाक्य दोनदा वाचायला लावलं. डिझेलचं काय?

टेस्टबेड

डिझेलला तर उभं ठेवून तापवणं आणखीच फुकट. रिकाम्या फिरणाऱ्या डिझेलमध्ये हवा भरपूर आणि इंधन नाममात्र, उष्णता तयार होणार कुठून? कडक थंडीत काही डिझेल गाड्यांचा काटा उभ्यानं वर येतच नाही. म्हणून तर कंपन्या त्यात वेगळे विजेचे नाहीतर इंधनावरचे हीटर बसवतात. सुरू करताना स्प्रिंगसारखा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, तेवढं थांबणं मात्र खरं. कुरकुरत सुरू होत असेल तर आधी बॅटरी तपासा, मग ग्लो प्लग (सुरू होण्याआधी सिलिंडर आतून तापवणारी कांडी, तो दिवा तिचाच).

खारदुंगला_रिटर्न

डिझेलवरून आठवलं. नोकरीनिमित्त लेहला दोन हिवाळे काढले. तिथे प्रश्न इंजिनाचा नसून डिझेलचाच असतो. त्यातलं मेण गोठतं, फिल्टर तुंबतो, गाडी सुरूच होत नाही. ट्रकवाले रात्रभर इंजिन चालू ठेवायचे, काही जण पहाटे टाकीखाली स्टोव्ह पेटवायचे (कृपया कुणी हे करू नये), कुणी रॉकेल मिसळायचं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

त्यामुळे बाबांना सांगा, रात्रभर इंजिन चालू ठेवणारे लोक वेडे नव्हते, पण त्यांना इंजिन तापवायचं नव्हतं, ते बंद पडू द्यायचं नव्हतं.

चौथा_गिअर

जर्मनीत पंपावरच १६ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हिवाळी डिझेल मिळतं, ते उणे २० पर्यंत फिल्टरमधून जाईल असं असावं लागतं. फक्त गाडी कमी चालत असेल आणि टाकीत सप्टेंबरचं डिझेल पडून असेल तर घोळ. नवऱ्याला विचारा शेवटचं कधी भरलं.

काचेसाठी रात्री वरून कव्हर टाका, सकाळी झटकलं की झालं. काच धुण्याच्या पाण्यात हिवाळी द्रव घाला, आणि डी-आयसर (बर्फ वितळवणारा) स्प्रे घरात ठेवा. गाडीत ठेवलात तर गोठलेल्या दारामागे तोही अडकतो. दाराच्या रबराला इथले लोक हरणाच्या चरबीची कांडी चोळतात. बाबा शाकाहारी असतील तर सिलिकॉनची कांडी मिळते.

बजेट असेल तर श्टांडहाइत्सुंग (उभ्या गाडीसाठीचा हीटर) बसवून घ्या. गाडीच्याच टाकीतलं इंधन जाळून कूलंट तापवतो, इंजिन बंद. टायमर लावला की निघताना काच कोरडी आणि इंजिन कोमट. खर्च मात्र हजार युरोंच्या पुढे, जुन्या डिझेलसाठी मी तरी करणार नाही.

एडमंटनची_मावशी

इकडे कॅनडात उणे ३० ला आम्ही इंजिनात ब्लॉक हीटर बसवतो, गाडीच्या नाकातून प्लग बाहेर लोंबत असतो. पार्किंगमध्ये खांबाला सॉकेट असतं, निघण्याआधी तीन-चार तास टायमरवर लावायचं. पण ते उणे १५-२० च्या खालच्या थंडीसाठी. तुझ्या उणे १२ ला गरज नाही गं. हातमोजे घाल आणि खरवड.

टेस्टबेड

एक गोष्ट राहिली आणि मला वाटतं तुमच्यासाठी हीच मोठी आहे. तीन किलोमीटर जाणं, तीन येणं. उणे १२ ला एवढ्यात तेल तापतच नाही. आधी दहा मिनिटं उभी ठेवलीत तरी नाही. तेलात उतरलेलं पेट्रोल आणि पाण्याचा अंश उडून जायला तेल पूर्ण गरम होऊन काही वेळ तसंच राहावं लागतं. रोज अर्धवट तापवून बंद केलं की हे साठत जातं. तेलाच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसला तर तो पाण्याचा. आणि डिपस्टिकवर पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ते पेट्रोल आहे.

आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेवर फिरवून आणा. तेल बदलायला किलोमीटरचा आकडा पुरा व्हायची वाट बघू नका, वर्ष झालं की बदला. बॅटरीही अशा छोट्या फेऱ्यांत भरत नाही, त्यात मागची काच, सीट, पंखा सगळं चालू.

केम्प्टनकर

अपडेट : पांढरा थर निघाला! पातळी मात्र ठीक आहे. रविवारी सगळे फ्युसेनला जाऊन येणार, बाबा खूश. बॅटरी तपासायला दिलीय. काच खरवडण्याचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय, इंजिन बंद ठेवून, आणि समोरच्या आजी आता खिडकीतून हात करतात.

शेवटचा प्रश्न. पुढच्या आठवड्यात नणंदेकडे जातोय, तिचं गॅरेज घराला जोडून आहे. तिथे तरी शटर उघडं ठेवून पाच मिनिटं चालू ठेवली तर चालेल का? तिथे आजी नाहीत.

टेस्टबेड

अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि गार इंजिन तो जास्तच सोडतं. शटर उघडं असलं तरी तो गॅरेजमधून घरात जाणाऱ्या दारातून आत शिरतो. गॅरेजमध्ये गाडी तशीही बाहेरच्याइतकी गार नसते. सुरू केली की लगेच बाहेर काढा. घरात सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म नसेल तर नणंदेला घ्यायला सांगा. उघड्यावरही रात्री बर्फ पडला असेल तर सुरू करण्याआधी धुराड्याचं तोंड मोकळं आहे ना, तेवढं बघा.